सोनाराची तार

एचएसआर लेआउट हे नाव दोन रस्त्यांवरून पडले आहे, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेल्या या वसाहतीत सात सेक्टर आहेत. तिच्या सत्ताविसाव्या मेन रोडवर कॉफीची दुकाने, व्यायामशाळा, दंतवैद्य आणि टॅटू काढून देणारे स्टुडिओ एकमेकांना खेटून आहेत. याच वसाहतीतल्या कचेऱ्यांतून अधूनमधून रक्तदानाची शिबिरे भरतात. शिबिरात भरायच्या कागदावर स्टुडिओ आणि शिबिर यांची गाठ पडते. गेल्या बारा महिन्यांत टॅटू काढून घेतला आहे का, कान, नाक किंवा शरीराचा इतर कोणता भाग टोचून घेतला आहे का, असे तो कागद विचारतो. ‘हो’ लिहिणाऱ्याला त्या दिवशी रक्त देता येत नाही.

अशा रीतीने परत गेलेल्यांपैकी पुष्कळांचा समज होतो की टॅटू असलेल्या माणसाला जन्मात कधीच रक्त देता येत नाही. तो चुकीचा आहे. नियम फक्त एक वर्ष थांबायला सांगतो. ते वर्ष उलटले आणि बाकी सारे ठीक असले, म्हणजे वय १८ ते ६५ च्या दरम्यान, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली नाही, तर अंगावर कितीही चित्रे असोत, रक्त घेतले जाते. म्हणून पन्नास वर्षांपूर्वी कपाळावर गोंदवून घेतलेल्या बाईला या नियमाने कधी अडवलेले नाही. बाराव्या दिवशी कान टोचलेले मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत तो कालावधी सतरा वेळा उलटून गेलेला असतो.

मग हे वर्ष आले कुठून? आपल्याकडे शतकानुशतके कान टोचले जातात, हात-कपाळे गोंदली जातात. कायद्याला या टोचण्याची आठवण मात्र विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी झाली. मधल्या काळात सुई कोणाकोणाच्या हातून गेली, हे पाहिल्याशिवाय त्या वर्षाचा अर्थ लागत नाही.

*

भाषांतर करणाऱ्या माणसाची सवय म्हणून आधी शब्द पाहू. इंग्रजीतला ‘टॅटू’ पॉलिनेशियातून आला. कॅप्टन कुकचे जहाज १७६९ मध्ये ताहितीला पोहोचले, त्या प्रवासाच्या टिपणांतून तो युरोपात गेला. मराठीत आपण ‘गोंदणे’ म्हणतो, हिंदीत ‘गोदना’. कन्नडमध्ये ‘हच्चे’. तमिळमध्ये ‘पच्चै कुत्तु’, आणि पच्चै म्हणजे हिरवे. ज्याने जुन्या बाईच्या हातावरचे गोंदण जवळून पाहिले आहे त्याला हे नाव पटेल. काजळीचा काळा रंग कातडीखाली गेल्यावर वर्षांनुवर्षे हिरवट दिसत राहतो.

मराठी क्रियापदात आणखी एक गोष्ट आहे. आपण गोंदवून घेतो, कान टोचून घेतो. ‘घेणे’ या छोट्या शब्दात दुसऱ्या माणसाचा हात गृहीत धरलेला आहे. स्वतःचा कान स्वतः टोचणारा विरळा. अलीकडे मात्र ‘मी टॅटू काढला’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. बोलणारा स्वतःच चित्रकार असल्यासारखे ते वाक्य असते आणि त्यातून सुई धरणारा हात गळून जातो. शिबिरातल्या प्रश्नावलीला नेमका तोच हात शोधायचा असतो. काय काढले, कुठे काढले, किती मोठे काढले याच्याशी तिला कर्तव्य नाही. ती सुई त्याआधी कोणाच्या अंगात गेली होती, एवढेच तिला हवे असते. आणि ते सहसा रक्तदात्याला ठाऊक नसते.

*

‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण आपण आज वेगळ्या अर्थाने वापरतो. ज्याचा अधिकार आहे त्यानेच चार शब्द सुनावावेत, म्हणजे ते ऐकले जातात. पण म्हणीचा मूळ प्रसंग खराच आहे. कर्णवेध हा संस्कारांतला एक. मूल बारा दिवसांचे झाले की, किंवा पुढे चांगला दिवस पाहून, सोनाराला घरी बोलावत. तो सोन्याची बारीक तार आणी, तिचे टोक अणकुचीदार केलेले असे. त्याच तारेने पाळी भोसकायची आणि तीच तार वळवून कानात ठेवायची. मूल रडे, सोनाराला शिधा आणि दक्षिणा मिळे.

या पद्धतीकडे आजच्या रक्तकेंद्राच्या नजरेने पाहावे. तार त्या मुलाची, त्याच्यासाठीच आणलेली, त्याच्याच कानात राहिलेली. दुसऱ्या कुणाच्या कानात ती जात नाही. एकदाच वापरायच्या सुईची कल्पना वैद्यकाने मांडण्याच्या कितीतरी आधी सोन्याच्या किमतीने ती अमलात आणली होती. शिवाय टोचणारा अनोळखी नव्हता. त्याचे दुकान त्याच गावात, त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक. जखम चिघळली तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाता येत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर, ‘सोनारानेच’ या शब्दातला ‘च’ हा परवाना होता.

गोंदणाची गोष्ट तशी नव्हती. गोंदणारी बाई गावची नसायची. ती येई जत्रेला, बाजाराच्या दिवशी, सुगीनंतर. तिच्याजवळ काजळी, पाल्याचा रस आणि एकत्र बांधलेल्या दोनचार सुया असत. ओटीवर बसून ती एकामागून एक हात पुढे ओढी. कपाळावर ठिपका किंवा उभी रेघ, हनुवटीवर टिंब, मनगटावर तुळस, विंचू, कधी नवऱ्याचे नाव. मेल्यावर अंगावरचे सोने इथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत देशाच्या अनेक भागांत नोंदली गेली आहे. ज्या बायकांना आयुष्यात दागिना मिळणार नव्हता त्यांनी ती अधिक जपली. पण इथे सोन्याची तार नव्हती. तीच सुई, तीच वाटी, आणि एका दुपारी साऱ्या आळीच्या पोरी.

या बायका कोण होत्या? दक्षिण भारतात गोंदण्याचे काम प्रामुख्याने कोरव समाजातल्या बायका करत. एडगर थर्स्टनच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींत त्या भविष्य सांगणाऱ्या आणि गोंदणाऱ्या म्हणून येतात. कर्नाटकात त्याच लोकांना कोरम, कोरच अशी नावे आहेत. महाराष्ट्रातले कैकाडी हे त्यांचे नातलग. कैकाडी बोली द्राविडी कुळातली आहे आणि तमिळशी तिचे नाते सांगता येते. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मुळे मराठी वाचकाला कैकाड्यांचे जग १९८० मध्ये आतून दिसले. भाषेच्या वाटेने पाहिले तर एचएसआरच्या शेजारच्या आगरा गावातल्या म्हातारीच्या हातावरची हच्चे आणि साताऱ्याकडच्या आजीच्या कपाळावरचे गोंदण फार दूरचे नाही.

याच समाजांच्या अंगावर सरकारने स्वतःचे एक गोंदण केले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनी, कित्येक भटक्या जमातींची नोंद ‘जन्माने गुन्हेगार’ अशी झाली. कोरव आणि कैकाडीही त्या याद्यांत आले. हजेरी, परवाना, पोलिसपाटलाची परवानगी. ज्या बाईच्या सुईखाली गावच्या मुली निमूट हात धरत, तिच्या नवऱ्याला रात्री चावडीवर हजर राहावे लागे. हा कायदा रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्या त्या १९५२ मध्ये.

त्याच्याही आधी सरकारने सुई शब्दशः हातात घेतली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात बंगाल आणि मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवला जाई. या शिक्षेचे नाव सरकारी कागदांतही ‘गोदना’ असेच होते. १७९७ च्या बंगालच्या नियमांत ती आहे, आणि १८४९ मध्ये ती बंद झाली. कपाळावरचे ते शब्द लपवण्यासाठी कैदी फेटा खाली ओढून बांधत. एकदा केलेले कृत्य कायमची ओळख कसे होते, याचे याहून उघड उदाहरण सापडणे कठीण. कृत्य आणि ओळख यांतला हा फरक लक्षात ठेवावा. पुढे रक्ताच्या नियमांत तो पुन्हा भेटणार आहे.

*

आता रक्ताकडे येऊ. कार्ल लँडस्टायनरने रक्तगट शोधल्याचे १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि एका माणसाचे रक्त दुसऱ्याला सुरक्षितपणे देण्याची वाट उघडली. भारतातली पहिली रक्तपेढी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात उभी राहिली. मराठीने तिच्यासाठी निवडलेला ‘पेढी’ हा शब्द सावकाराच्या आणि सराफाच्या दुकानाचा. तो अगदीच अनाठायी नव्हता, कारण पुढची कित्येक दशके रक्त हा विकत घ्यायचा माल होता. मोठ्या इस्पितळांच्या फाटकाबाहेर पैसे घेऊन रक्त देणारे उभे असत, आणि त्यांतले बरेच जण उपाशी, व्यसनी किंवा आजारी असत.

या बाजाराविरुद्ध ज्यांनी लवकर काम सुरू केले त्यांत मुंबईच्या लीला मूळगावकर यांचे नाव पहिल्या ओळीत येते. १९५० च्या दशकात त्यांनी कारखाने, महाविद्यालये आणि कचेऱ्यांतून ऐच्छिक रक्तदानाची मोहीम चालवली. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज एचएसआरच्या एखाद्या कचेरीत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत माणसे बाही वर करून खुर्चीत बसतात, त्या दृश्याचा उगम तिथे आहे. बेंगळुरूमध्ये १९८४ मध्ये बेंगळुरू मेडिकल सर्व्हिसेस ट्रस्टची स्थापना झाली, आणि ऐच्छिक दात्यांवर उभे राहिलेले रक्तकेंद्र या शहरालाही मिळाले.

दान आले तरी रक्तात काय आहे हे कळायचे होते. बरूक ब्लमबर्गला १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडले. ते हेपटायटिस बीच्या विषाणूचे निघाले. त्याला या कामासाठी १९७६ मध्ये नोबेल मिळाले. हेपटायटिस सीच्या विषाणूची ओळख पटायला १९८९ उजाडले. हे दोन्ही रोग रक्तातून जातात, आणि रक्ताचा एक अदृश्य थेंब सुईच्या टोकावर राहिला तरी जातात.

सुई आणि कावीळ यांचा संबंध न्यूयॉर्क शहराने आधीच जोडला होता. सॅम्युएल ओरायलीने १८९१ मध्ये पहिल्या विजेच्या टॅटूयंत्राचे पेटंट घेतले ते याच शहरात. एडिसनच्या विजेच्या लेखणीची कल्पना त्याने कातडीसाठी वापरली. आणि १९६१ मध्ये याच शहराच्या आरोग्य मंडळाने हेपटायटिसचे कारण देऊन टॅटूच्या धंद्यावर बंदी घातली. ती १९९७ पर्यंत टिकली. छत्तीस वर्षे लोक तळघरांत आणि घरांच्या मागच्या खोल्यांत टॅटू काढून घेत राहिले. बंदीने सुई नाहीशी होत नाही, ती फक्त नजरेआड जाते.

भारतात या प्रश्नाला धार आली ती १९८६ मध्ये. चेन्नईच्या डॉ. सुनीती सोलोमन यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी देशातले एचआयव्हीचे पहिले रुग्ण शोधले. सोलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. रक्ताचे नमुने मिळाले ते सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या, वेश्याव्यवसायातल्या बायकांकडून. त्यांतल्या सहा जणींच्या नमुन्यांत संसर्ग आढळला. एचआयव्ही हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, इथे येणार नाही, असे म्हणणाऱ्या देशाला त्या सहा नमुन्यांनी जागे केले. १९८९ मध्ये दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. २००१ मध्ये हेपटायटिस सीची चाचणीही सक्तीची झाली.

मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने बाजार मोडला. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल आला. पैसे घेऊन रक्त देणे दोन वर्षांत बंद करावे आणि राष्ट्रीय व राज्य पातळीवर रक्तसंक्रमण परिषदा स्थापाव्यात, असे त्यात सांगितले होते. विकणारा दाता गेला, आणि त्याच्या जागी विचारपूस करून निवडलेला दाता आला. ही विचारपूस म्हणजेच आजची प्रश्नावली.

*

टॅटूचा शब्द भारतीय नियमांत ठळकपणे दिसतो तो १९९९ मध्ये. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत त्या वर्षी झालेल्या दुरुस्तीत रक्तदात्याला किती काळ थांबवावे याचा छोटा तक्ता आहे. गर्भपातानंतर सहा महिने, विषमज्वरातून बरे झाल्यावर बारा महिने, श्वानदंशाची लस घेतल्यावर एक वर्ष. त्याच तक्त्यात एक ओळ आहे: टॅटू, सहा महिने. राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत आणि २०२० च्या सुधारित नियमांत ते सहा महिने बारा झाले आणि टॅटूबरोबर शरीर टोचणे हेही आले. याच २०२० च्या दुरुस्तीत ‘ब्लड बँक’चे नाव ‘ब्लड सेंटर’ झाले. मराठीत आपण अजूनही ‘रक्तपेढी’च म्हणतो.

थांबण्यामागचे कारण समजायला अवघड नाही. विषाणू शरीरात शिरला तरी चाचणीला तो लगेच दिसत नाही. शरीराने प्रतिपिंडे तयार करायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. या अंधाऱ्या काळात दात्याला बरे वाटत असते, चाचणी कोरी येते, आणि पिशवीतले रक्त मात्र दूषित असते. हेपटायटिस बीचा दबा धरण्याचा काळ दीड ते सहा महिन्यांचा. सहा महिने म्हणजे त्या काळाचा शेवट, बारा महिने म्हणजे त्याच्या दुप्पट. विषाणूचा जनुकीय अंशच शोधणारी ‘नॅट’ ही चाचणी अंधारा काळ पुष्कळ कमी करते. पण ती महाग आहे आणि देशभर सगळीकडे होत नाही.

एवढी खबरदारी कशासाठी, असे ज्याला वाटत असेल त्याने थॅलेसेमियाच्या मुलाचा विचार करावा. दर दोनतीन आठवड्यांनी त्याला रक्त लागते. वर्षाला वीसपंचवीस अनोळखी माणसांवर त्याला विश्वास टाकावा लागतो. २०११ मध्ये गुजरातेतल्या जुनागढमध्ये अशा तेवीस मुलांना रक्तातून एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशात २२३४ जणांना रक्त घेतल्यामुळे एचआयव्ही झाल्याची नोंद माहितीच्या अधिकारात बाहेर आली. ही रुग्णांनी स्वतः सांगितलेली कारणे आहेत, असे सरकारी बाजूने नंतर स्पष्ट केले. तरी त्या आकड्याने उभा केलेला प्रश्न त्यामुळे मिटत नाही. रक्त देणे ही दात्याची इच्छा असते. रक्त घेणाऱ्यापुढे बहुधा दुसरा पर्याय नसतो. नियमाने घेणाऱ्याची बाजू घ्यावी हे बरोबरच आहे.

पण तेच नियम इतर देशांत उलट दिशेने गेले, हेही पाहायला हवे. अमेरिकेने टॅटूनंतरचा कालावधी २०२० मध्ये बारा महिन्यांवरून तीनवर आणला. तिथल्या ज्या राज्यांत टॅटूच्या दुकानांना सरकारी परवाना लागतो, तिथे परवानाधारक दुकानात निर्जंतुक सुईने आणि न वापरलेल्या शाईने टॅटू काढला असेल तर थांबावेही लागत नाही. ब्रिटनमध्ये चार महिने. विषाणू तोच, माणसाचे शरीर तेच. वेगळे आहे ते एवढेच, की तिथे सुईवर कोणीतरी नजर ठेवतो.

आपल्याकडे ती नजर नाही. न्हाव्याच्या दुकानाला, उपाहारगृहाला परवाना लागतो. टॅटूच्या सुईसाठी मात्र देशभर लागू होणारी वेगळी परवानापद्धत नाही. २०२५ मध्ये कर्नाटकचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडूराव यांनी टॅटूच्या शायांच्या तपासणीत आर्सेनिक, क्रोमियमसह बावीस धातू आढळल्याचे सांगितले आणि त्यावर नियमन हवे अशी भूमिका घेतली. सत्ताविसाव्या मेन रोडवर एखादा स्टुडिओ पाकीटबंद सुया ग्राहकासमोर उघडत असेल, वापरून झाल्यावर टाकत असेल. जत्रेतला माणूस एकाच सुईने सबंध रांग संपवत असेल. रक्तकेंद्राला या दोघांत फरक करण्याचे साधन नाही. म्हणून ते दोघांच्याही ग्राहकांना सारखेच थांबवते. सरकारने सुईला विचारायला हवा होता तो प्रश्न आपण दात्याच्या शरीराला विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत एक वर्ष वाट पाहतो. जुन्या म्हणीत सांगायचे तर, कान कोणीही टोचले तरी चालतील, पण टोचून घेणाऱ्याने वर्षभर गप्प बसावे, असा हा बंदोबस्त आहे.

*

तरीही या नियमात एक शहाणपण आहे, आणि ते मला महत्त्वाचे वाटते. तो टॅटू असलेल्या माणसाला ‘धोकादायक माणूस’ म्हणत नाही. तो एका कृत्याकडे पाहतो, त्याची तारीख विचारतो, आणि ठरावीक दिवस मोजतो. दिवस संपले की दात्याची पाटी कोरी. कंपनी सरकारच्या गोदन्याने कृत्याची ओळख केली होती. हा नियम कृत्याला कृत्यच राहू देतो.

त्याच मार्गदर्शक सूचनांत ही रीत सर्वांना लागू झालेली नाही. पारलिंगी व्यक्ती, पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया यांना त्या एचआयव्ही व हेपटायटिसचा ‘धोका असलेले’ गट म्हणून धरतात आणि कायमचे वगळतात. कोणी काय केले, कधी केले, चाचणी काय सांगते, याची विचारपूस तिथे नाही. मोजायला दिवसच नाहीत. मणिपूरच्या मैतेई लेखिका आणि कार्यकर्त्या सांता खुराई यांनी २०२१ मध्ये या तरतुदींना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात उत्तर दिले की या गटांत एचआयव्हीचे प्रमाण सामान्य लोकसंख्येपेक्षा सहा ते तेरा पटींनी जास्त आहे, आणि घेणाऱ्याचा सुरक्षित रक्ताचा हक्क देणाऱ्याच्या इच्छेहून मोठा आहे.

घेणाऱ्याचा हक्क मोठा, हे वर मान्य केलेच आहे. पण गटाचे प्रमाण म्हणजे व्यक्तीचे रक्त नव्हे. टॅटूच्या बाबतीत आपण हे सहज मान्य करतो. टॅटू काढणाऱ्यांत काविळीचा धोका जास्त असतो म्हणून एकदा टॅटू काढलेल्या माणसाला जन्मभर अपात्र ठरवावे असे कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, सुई कधी लागली ते सांग आणि तेवढे थांब. ब्रिटनने २०२१ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये समलिंगी पुरुषांबाबतची सरसकट वेगळी वागणूक काढून टाकली आणि प्रत्येक दात्याला त्याच्या अलीकडच्या वागण्याबद्दल सारखेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. म्हणजे टॅटूच्या नियमातली रीत त्यांनी पुढे नेली. आपल्याकडे अशी रीत नाही असे नाही. ती एका तक्त्यात आहे आणि शेजारच्या कलमात नाही.

या बहिष्काराची एक बाजू इतिहासाने आधीच लिहून ठेवली आहे. भारतात एचआयव्ही आला आहे हे ज्यांच्या रक्ताने देशाला कळवले त्या चेन्नईच्या सुधारगृहातल्या बायका होत्या. त्या ज्ञानावर उभ्या राहिलेल्या चाचण्यांनी पुढे लाखो पिशव्या तपासल्या गेल्या. त्यांचे रक्त नमुना म्हणून चालले. दान म्हणून त्यांच्यासारख्या कोणाचेही, आज आणि पुढे कधीही, चालणार नाही असे नियम सांगतो.

गोंदणाऱ्या कोरव बाईची गोष्टही निराळी नव्हती. तिचा हात चालत होता, तिची वस्ती चालत नव्हती. गुन्हेगार जमातींच्या याद्या रद्द व्हायला १९५२ उजाडले, आणि त्या याद्यांचे डाग पुसायला लागणारा काळ अजून संपलेला नाही.

नियम बदलणे हे तज्ज्ञांचे काम आहे आणि ते घाईने करू नये. नॅट चाचणी किती ठिकाणी पोहोचली, सुईवर परवाना कधी येतो, प्रश्नावली नेमके काय विचारते, हे सगळे एकमेकांत गुंतलेले आहे. सुईवर नजर ठेवली तर टॅटूवाल्याचे वर्ष कमी करता येईल. कृत्याविषयी नीट प्रश्न विचारले तर माणसांचे गट करायची गरज कमी होईल. दोन्हींत घेणाऱ्याचे रक्त अधिक सुरक्षितच होते, कारण खरे उत्तर देणाऱ्याला शिक्षा होणार नाही असे वाटले तरच माणूस खरे उत्तर देतो. मनाई कायमची असली की प्रश्नावलीवर खोटे लिहिण्याचा मोह वाढतो. न्यूयॉर्कच्या तळघरांतल्या सुयांनी हेच शिकवले होते.

तोवर एचएसआरमध्ये कोणी टॅटू काढून घेतला असेल, नाक टोचून घेतले असेल, तर त्याने दोन गोष्टी कराव्यात. सुई आपल्यासमोर पाकिटातून निघाली का ते पाहावे, आणि ती तारीख लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी त्या तारखेनंतरच्या कोणत्याही शिबिरात कागद भरताना तिचा उपयोग होईल.